पातालच्या आतला माणूस

महिपत पाष्टे उंच होता. लांजा तालुक्यातल्या त्याच्या गावात कुणी नवं घर बांधायला काढलं की सुतार दाराच्या चौकटीचं माप घेताना म्हणायचा, "महिपत वाकून आत येल एवढा धरू, की ताठ येल एवढा?" सहा फूट तीन इंच, अंगानं काटकुळा, आणि चालताना मान एका बाजूला कललेली. लहानपणापासून खाली वाकून बोलायची सवय लागलेली, ती मोडलीच नाही.

गावच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या लोकनाट्यात, त्याला राक्षसाचं काम मिळायचं ते या उंचीमुळंच. पण त्याचा राक्षस इतरांसारखा आरडाओरडा करत, थयथयाट करत येत नसे. तो हळू यायचा, मांडवाच्या कडेला थबकायचा. आपल्याला आत बोलावलंय की नाही याची त्यालाच खात्री नसावी, तसा उभा राहायचा. मृदंग वाजवणारे आप्पा एकदा म्हणाले, "ह्याची भीती नाय वाटत रे, कीव येते. असला कसला राक्षस?" लोक हसले. महिपतही हसला. पण ज्या गोष्टीला गाव हसलं, तिच्यावरच पुढं त्याचं पोट चाललं.

गावातल्या बाकीच्या पोरांसारखा तोही विसाव्या वर्षी मुंबईला गेला. कुरिअरच्या कचेरीत होता, कपड्यांच्या गोदामात होता. लग्न झालं, राजश्री गावीच सासूपाशी राहिली, मुलगी झाली. तिचं नाव संस्कृती. पुढं गावच्याच एकाच्या ओळखीनं तो गोरेगावच्या एका स्टुडिओत सेटिंगच्या कामाला लागला. प्लायवूडच्या भिंती उचलायच्या, उभ्या करायच्या, संध्याकाळी पाडायच्या. ते वर्ष दोन हजार नऊचं. त्या स्टुडिओत लहान मुलांसाठी एका हिंदी मालिकेची तयारी चालली होती. मालिकेचं नाव 'किरणवीर'. नायकाच्या अंगात सूर्याची शक्ती, आणि त्याच्या जोडीला एक पाताल नावाचा प्राणी. पातालचा रबराचा पोशाख तयार होता, पण त्यात घालायला माणूस मिळत नव्हता. कसरतवाले चार जण येऊन गेले. चौघेही आत शिरले की माकडासारख्या उड्या मारत. दिग्दर्शक वैतागलेला होता. तेवढ्यात त्याला महिपत दिसला. खांद्यावर फळी घेऊन, लाइटच्या खांबाखालून मान वाकवून, पुढं जाऊ की नको अशा विचारात उभा.

"ह्याला घाला आत," दिग्दर्शक म्हणाला.

पोशाख अकरा किलोचा होता. पाठीला चेन, ती आतल्या माणसाला स्वतःची स्वतः उघडता येत नसे. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, त्यातून समोरचं तेवढं दिसायचं. अर्ध्या तासात आतला बनियन पिळावा इतका भिजायचा. चेन लावणारा आणि उघडणारा ड्रेसवाला अनिल हा दाभोळचा. सेटवर महिपतशी मराठीत बोलणारा तो एकटाच. बाकी सगळे त्याला पाताल म्हणत. किरणवीरचं काम करणाऱ्या देखण्या नटाला दोन वर्षांत महिपतचं नाव ठाऊक झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत पोशाख काढायला वेळ लागतो म्हणून महिपत कडेला स्टुलावर बसून नळीनं ताक प्यायचा.

मालिकेतली गोष्ट अशी होती. एका शास्त्रज्ञाला खाणीत हे पिल्लू सापडतं. तो त्याला घरी आणतो, आपल्या मुलाबरोबर वाढवतो. मुलगा मोठा होऊन किरणवीर होतो. पिल्लू मोठं होतं तसं कुरूप दिसू लागतं, आणि शास्त्रज्ञाची बायको त्याला घराबाहेर काढायला लावते. मग दोघं भाऊ शहरासाठी एकत्र लढतात, पण हार पडतात ते किरणवीरच्या गळ्यात. पाताल पाण्याच्या टाकीमागं उभा राहून बघतो. भावाशी त्याचं भांडण होतं, समेट होतो, पुन्हा भांडण होतं. घरात मात्र त्याला कुणी घेत नाही. आवाज दुसराच कुणी नट देत असे. पण मुलांचा जीव जडला तो पातालच्या चालण्यावर, त्या कललेल्या मानेवर. किरणवीरपेक्षा पातालच्या नावानं जास्त पत्रं येऊ लागली.

त्यातली गंमत महिपतला फार दिवस कुणाला सांगता आली नाही. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. आत माणूस आहे, हे बाहेर कळता कामा नये. मुलांना तो खराखुरा प्राणी वाटला पाहिजे. पडद्यावर येणाऱ्या नावांच्या यादीत नाव येणार नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. मालिकेतल्या एका छोट्या राक्षसाचं काम करणाऱ्यानं पेपरवाल्याला मुलाखत दिली, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं होतं. महिपतनं ते पाहिलं होतं.

तरी त्यानं एकीला सांगितलंच. पुढच्या वर्षी गणपतीला गावी गेला तेव्हा नऊ वर्षांची संस्कृती शेजारच्या घरी टीव्हीसमोर बसलेली होती. पाताल पडद्यावर आला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. घरी येताना वाटेत तिनं विचारलं, "पप्पा, पातालला घरात कधी घेतील?" महिपत थांबला. आजूबाजूला पाहिलं. मग पायवाटेवर चार पावलं तो पातालसारखा चालून गेला आणि मान कलवून मागं वळला. संस्कृती नुसती बघत राहिली. "गो, तो मीच हाय," तो म्हणाला. "पण कुणाला सांगू नको."

नऊ वर्षांच्या पोरीला असं सांगायचं, आणि वर कुणाला सांगू नको म्हणायचं! तिनं अडीच-तीन महिने दम धरला, तेच खूप झालं.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. दुपारची वेळ. सेटवर त्या दिवशी चॅनेलची मोठी माणसं आली होती. महिपतचं डोकं, म्हणजे पातालचं डोकं, बाजूला काढून ठेवलं होतं. मानेखाली मात्र सगळा पोशाख अंगावर. फोन वाजला. हातात रबराचे पंजे होते म्हणून अनिलनं फोन त्याच्या कानाला लावला.

"संस्कृतीचे वडील का? मी शाळेतून शिवलकर बाई बोलतेय."

यमुनाबाई शिवलकर चौथीच्या वर्गाच्या बाई. कडक, पण मुलांसाठी राबणाऱ्या.

"बोला बाई."

"अहो, तुमची मुलगी वर्गात सांगतेय की टीव्हीतला तो पाताल म्हणजे माझे पप्पा. मुलं तिला चिडवतायत, परवा मारामारीपर्यंत गेलं. आता म्हणतेय, संमेलनात स्टेजवरून सांगणार. मी म्हटलं, आपण पप्पांनाच विचारू या. ती इथं माझ्यापाशीच उभी आहे, फोन स्पीकरवर आहे. खरं आहे का हे?"

प्रॉडक्शनचा मॅनेजर दोन पावलांवर उभा होता. त्याचं पूर्ण लक्ष महिपतकडं होतं की नव्हतं, हे महिपतला आजही सांगता येत नाही. त्याला मराठी कळत होतं एवढं मात्र खरं. महिपतला गेटवरून परत गेलेला तो माणूस आठवला.

"नाय बाई," तो म्हणाला. "मी सेटिंगचं काम करतो. फळ्या उचलतो. लहान हाय ती. तिच्या मनाचे खेळ."

पलीकडून पुष्कळ पोरं एकदम हसल्याचा आवाज आला, बाईंचं "गप बसा रे" ऐकू आलं आणि फोन बंद झाला. अनिलनं फोन खाली घेतला. पातालचं डोकं उचलून त्यानं महिपतच्या डोक्यावर ठेवलं.

रात्री फोन करून पोरीला समजावू, असं महिपतनं ठरवलं. रात्री वाटलं, आता ती रागात असेल, उद्या करू. उद्याचा परवा झाला. मग त्यानं मनाशी म्हटलं, फोनवर काय सांगायचं, शिमग्याला जाईन तेव्हा समोर बसवून सांगीन.

शिमग्याला तो एसटीतून उतरला तेव्हा थांब्यावर संस्कृती नव्हती. दर वेळी असायची. घरी ती पडवीत अभ्यास करत बसलेली होती. त्यानं आणलेला फ्रॉक तिनं घेतला, आजीला दाखवला, घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, आज शाळा आहे. बाईंना येऊन सांगा."

"संस्कृती, बाय माझी, तो कागद असतो. सही केलेली असते. तुला नाय कळायचं आत्ता."

"फक्त बाईंना सांगा. कानात सांगा."

"मालिका संपू दे. मग सगळ्या शाळेला सांगतो."

ती गेली. तिसऱ्या दिवशी महिपत मुंबईला परतला. एसटीच्या थांब्याकडं जाणारी वाट शाळेवरूनच जात होती. वर्ग भरलेले होते, बाईंचा आवाज बाहेर ऐकू येत होता. त्याच्या खांद्यावर पिशवी होती आणि गाडीला वीस मिनिटं होती. तो थांबला नाही.

मालिका ऑगस्टमध्ये संपली. पातालला शेवटपर्यंत घरात घेतलंच नाही, तो परत खाणीत निघून गेला. महिपत गणपतीला गावी आला तो मोकळा होऊनच. आता कुणालाही सांगायला हरकत नव्हती. पण संस्कृती पाचवीत लांज्याच्या हायस्कूलला जायला लागली होती, आणि शिवलकर बाईंची बदली झाली होती. "चल, आता सांगूया कुणालाही," तो हसत म्हणाला. संस्कृतीनं दप्तर भरता भरता म्हटलं, "आता कशाला?" तो आवाज दहा वर्षांच्या मुलीचा नव्हता.

त्यानंतरची वर्षं बघता बघता गेली. पोशाखात वाकून वाकून महिपतच्या कमरेनं दगा दिला. थोडी वर्षं आणखी मुंबईत काढून तो गावी परतला आणि लांज्याच्या एका काजूच्या फॅक्टरीत गेटवर बसू लागला. बियांची पोती आली की नोंदवायची, बायका आत-बाहेर करताना बघायचं. त्याची आई गोदा वारली. संस्कृती शिकली, रत्नागिरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली, खोली घेऊन तिथंच राहू लागली. बापलेकीचं भांडण असं कधी झालं नाही. ती त्याला काय हवं-नको विचारायची, औषधं पाठवायची. फक्त स्वतःचं काही सांगायची नाही. बारावीचा निकाल महिपतला शेजाऱ्याकडून कळला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ऋत्विक नावाचा एक माणूस फॅक्टरीच्या गेटवर आला. जुन्या मुलांच्या मालिकांवर तो इंटरनेटवर व्हिडिओ करायचा. अनिलला दाभोळात शोधून, त्याच्याकडून पत्ता काढून तो लांज्याला पोचला होता. "तुम्हीच पाताल ना?" एवढं विचारलं आणि त्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले. महिपतला काय करावं कळेना. ऋत्विकनं त्याला काजूच्या झाडाखाली खुर्चीत बसवलं आणि दोन तास बोलतं केलं. शेवटी चालून दाखवायला सांगितलं. कमर दुखत होती तरी महिपत चालला, मान कलवून वळला.

व्हिडिओ चार दिवसांत लाखो लोकांनी पाहिला. त्याखाली माणसांनी काय काय लिहिलं होतं! कुणी लिहिलं, मी शाळेत एकटा होतो, पातालमुळं दिवस निघाले. कुणी लिहिलं, माझे आणि भावाचे संबंध तुटले होते, पातालच्या समेटाचा भाग बघून मी त्याला फोन केला. फॅक्टरीतल्या बायकांनी फोटो काढून घेतले. मालकानं पेढे वाटले. लांज्याच्या बाजारात लोक थांबवून हात मिळवू लागले.

संस्कृतीचा फोन आला नाही. आठव्या दिवशी महिपतनंच केला.

"बघितलास काय गो?"

"बघितला. चांगला झालाय," ती म्हणाली. "पप्पा, सॅम्पल आलेत, ठेवते."

महिपतनं फोन खाली ठेवला. राजश्री तांदूळ निवडत होती.

"एवढा मोठा व्हिडिओ झाला," तो म्हणाला, "पोरीला काय आनंदच नाय."

राजश्रीचा हात थांबला. "त्या फोननंतर शाळेत काय झालं, तुम्हांला म्हाईत हाय?"

"पोरं हसली. ऐकलं मी."

"बाईंनी तिला शंभर वेळा लिवायला लावलं. मी खोटं बोलणार नाही. वही भरून लिवलान तिनं. चार दिवस ताप होता, तापात पण लिवत होती. सातवीपर्यंत पोरं तिला थापाडी म्हणत होती. हायस्कूलला पण ती गावची पोरं होतीच ना. ती कुणाशी बोलायचीच बंद झाली. डब्बा एकटी खायची."

"आणि तू मला सांगितलं नायस?"

"तुमी इचारलात कधी?"



रविवारी तो पहाटेच्या गाडीनं निघाला. शिवलकर बाई निवृत्त होऊन मालगुंडला आपल्या घरी राहतात, हे त्यानं शाळेतून विचारून घेतलं होतं. रत्नागिरीला गाडी बदलून दहाच्या सुमारास तो पोचला. बाई अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. केस पिकलेले, पाठीला थोडा बाक. त्यांनी त्याला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं.

महिपतनं वाटेत सगळं पाठ केलं होतं. ते एका दमात सांगितलं. दोन हजार दहा साल, डिसेंबर महिना, फोन, स्पीकर. "बाई, पोरगी खरं बोलत होती. खोटा मी होतो. तेवढं सांगायला आलो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "कुठली शाळा म्हणालात?"

त्यानं परत गावाचं नाव सांगितलं.

"तिथं मी चार वर्षं होते. संस्कृती पाष्टे..." त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही हो आठवत. एवढी मुलं हाताखालून गेली. शंभर वेळा लिहायला लावलं म्हणता? लावलं असेन. तेव्हा आम्ही लावायचो." त्या ओशाळल्या. "मुलगी काय करते आता? बरी आहे ना?"

"बरी हाय," महिपत म्हणाला.

जिच्यापुढं पोरीचं नाव धुऊन काढायला तो चौदा वर्षांनी आला होता, तिच्या मनावर डागच नव्हता. बाईंनी आग्रहानं चहा दिला, निघताना ओल्या सुपाऱ्या बांधून दिल्या. त्याला ते काहीच नको होतं.

दुपारी तो रत्नागिरीत संस्कृतीच्या खोलीवर गेला. ती कपडे धुऊन वाळत घालत होती. त्याला बघून चकित झाली, खुर्ची दिली, पंखा लावला. मालगुंडला जाऊन आल्याचं त्यानं सांगितलं. ती ऐकता ऐकता खाली बसली.

"बाईंकडं गेलात? मला न विचारता?"

"म्हटलं, त्यांना खरं कळू दे."

"मग? काय म्हणाल्या?"

महिपतला पुन्हा खोटं बोलावंसं वाटलं. बाईंना फार वाईट वाटलं, त्यांनी तुझी माफी मागितली, असं सांगणं सोपं होतं. त्यानं मान खाली घातली. "त्यांना काय आठवत नाय."

संस्कृती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "पप्पा, मला बाईंचा राग कधीच नव्हता. त्यांनी फोन तरी केला. मी सांगते ते खरं असेल असं थोडं तरी वाटल्याशिवाय कुणी फोन करेल? बाकी कुणीच केला नसता. त्या फोन लावत होत्या ना, तेव्हा सगळा वर्ग गप्प होता. मी इतकी खुशीत होते. त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणालात, तेही मी विसरले असते. तुमची नोकरी होती. शिमग्याला मी तुम्हाला शाळेवरून जाताना बघितलं. मी खिडकीपाशी बसायचे. वाटलं, आता वळाल."

"चुकलो गो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तेही पंख्याच्या आवाजात विरून गेलं.

"कळतंय मला ते," ती म्हणाली. "पण मी काय करू त्याचं?"

ते ती रागानं म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाली. मग उठून तिनं भात लावला, अंडी उकडली, त्याला वाढलं. लॅबमधल्या कामाबद्दल दोन वाक्यं बोलली. चारच्या गाडीला त्याला स्टँडवर सोडून आली.

पुढच्या आठवड्यात ऋत्विकचा फोन आला. लोकांना दुसरा भाग हवा होता. आणि या वेळी मुलीला शेजारी बसवू, असं तो म्हणत होता. पातालची मुलगी! लोक वेडे होतील. महिपतनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

"तिला इचारायचं नाय," तो म्हणाला. "तिचा नंबर पण मी देणार नाय. आणि माझं पण आता पुरे झालं."

फॅक्टरीच्या गेटवर अजून कुणी कुणी त्याला बघायला येतं. तो उठून नमस्कार करतो, चालून मात्र दाखवत नाही. कमर दुखते, म्हणून सांगतो.

रविवारी संस्कृतीचा आईला फोन येतो. कधी महिपतच उचलतो. पूर्वी ती लगेच "आईला द्या" म्हणायची. हल्ली एवढंच झालंय की आधी विचारते, "जेवलात?" तो "जेवलो" म्हणतो. आणखी काही विचारावं, तिचं काय चाललंय ते ऐकावं, असं ओठांवर येतं. पण सवय नाही. मग तो फोन राजश्रीच्या हातात देतो.